मागच्या सीटवरचा हवालदार

मास्तरांकडे गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या दिवसाचं त्याला क्लच-ब्रेक काही आठवत नाही. आठवतो तो हवालदार.

हवालदार म्हणजे मास्तरांचा कुत्रा. तपकिरी, मध्यम उंचीचा, एक कान उभा आणि एक कंटाळलेला. तीन महिन्यांचा असल्यापासून त्याच्या तोंडावर असा काही भाव होता, की आता हा आपला परवाना मागणार. शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर मधोमध तो पट्टा बांधून बसायचा आणि समोरचा रस्ता पाहायचा. शिकणाऱ्यानं क्लच एकदम सोडला आणि गाडीनं गचका खाल्ला, की तो नाकातून एक लांब श्वास सोडायचा. मास्तर तोंडानं फार फटकळ. पण लोक सांगत, मास्तरांचं बोलणं परवडलं, तो मागून येणारा उसासा नको.

मास्तर एकसष्ट वर्षांचे. गाडी एकच, तिला दोन क्लच आणि दोन ब्रेक. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मास्तरांच्या. वरचे समोरचे चार दात नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका बाईंनी फुलपाखरू वाचवायला करकचून ब्रेक मारला आणि मास्तर डॅशबोर्डवर आपटले. आयुष्यभर लोकांच्या कानीकपाळी ओरडून पट्टा बांधायला लावणारा माणूस त्या दिवशी स्वतः पट्टा बांधायचा विसरला होता. ही गोष्ट मास्तर कुणाला सांगत नसत. त्यांची बायको सगळ्यांना सांगे.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टी आवळून ती सुई टोचत आली होती आणि टोचताना समोरच्याला अशी बोलण्यात गुंतवायची, की त्याला कळायचं तेव्हा कापूस लागलेला असायचा. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत.

एका सकाळी हवालदाराच्या गळ्याखालून पट्टा घेताना मास्तरांच्या बोटाला काहीतरी लागलं. गोल, टणक, लिंबाएवढं.

"जाड झालाय," मास्तर म्हणाले. "परवाच्या त्या बाईंनी अख्खा बिस्किटाचा पुडा चारला. आता पट्टा बसत नाही."

मास्तरीणबाई डबा भरत होत्या. हात पुसत आल्या, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी हवालदाराचा गळा चाचपू लागल्या. मग खांद्यापुढे. मग मागच्या गुडघ्यांच्या मागे. त्यांची बोटं शीर शोधताना चालतात तशी सावकाश चालत होती.

"बिस्किटांचं नाही हे."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. पण खाल्लेली बिस्किटं डाव्या-उजव्या बाजूला अशी सारखी वाटून बसत नाहीत, एवढं कळतं मला."

मास्तर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बायको हसत नाहीये.

जनावरांची डॉक्टर मास्तरांची जुनी विद्यार्थिनी निघाली. निघाली कसली, मास्तरांना चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांनी दोन दिवस दुसरा दवाखाना शोधण्यात घालवले होते. ही मुलगी परीक्षेत तीनदा नापास झाली होती. चौथ्यांदा पास झाली तेव्हा मास्तर तिला म्हणाले होते, "डॉक्टर, गाडी तुम्हाला येते, पण रस्त्यावर इतरही माणसं असतात हे लक्षात असू द्या." त्या दिवसापासून ती आजतागायत बसनं फिरत होती.

तिनं हवालदाराच्या गाठीत बारीक सुई घातली, काचेवर थेंब पसरवला आणि चार दिवसांनी या म्हणाली. हवालदारानं तिला ओळखलं असावं. सगळं उरकल्यावर त्यानं नाकातून लांब श्वास सोडला.

"अजून तसाच आहे," डॉक्टर म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

चार दिवसांनी मास्तर एकटेच गेले. मास्तरीणबाईंची सकाळची पाळी होती. सुट्टी काढते म्हणाल्या तर "कशाला, कागद तर आणायचाय" असं मास्तरांनीच सांगितलं होतं. दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते टोपी मांडीवर घेऊन बसले. हवालदार पायाशी.

"लिम्फोमा म्हणतात," डॉक्टर म्हणाली. "गाठींचा कॅन्सर. अंगभर पसरतो, म्हणून कापून काढता येत नाही."

मास्तरांनी मान हलवली. मग बराच वेळ हलवतच राहिले.

"काहीच केलं नाही तर महिना, फार तर दोन. नुसत्या गोळ्या दिल्या तर दोन-तीन महिने, आणि त्या स्वस्त आहेत. इंजेक्शनं घेतली, पाच महिने, आधी दर आठवड्याला एक, मग जरा अंतर ठेवून, तर बऱ्याच कुत्र्यांच्या गाठी जातात. वर्ष मिळतं. कधी जास्त, कधी कमी."

"आणि मग बरा?"

"नाही मास्तर. परत येतो तो. पण मधला काळ चांगला जातो."

मास्तरांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "मी तुम्हाला कधी म्हणालो होतो का, की तुम्ही नक्की पास व्हाल?"

"कधीच नाही. तुम्ही म्हणायचात, बघू प्रयत्न करून."

"हां. मग बघू प्रयत्न करून. खर्च किती?"

डॉक्टरनं एका चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी टेबलावरून पुढे सरकवली. मास्तरांना आधी तो फोन नंबर वाटला. कुणाला फोन करायचा, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

आकडा ओळखीचा होता. चार पक्के दात बसवायला दातांच्या डॉक्टरनं सांगितलेला आकडा यापेक्षा जेमतेम थोडा कमी. मास्तरांनी तीन वर्षं पै-पै करून ते पैसे बँकेत वेगळे ठेवले होते. पुढच्या महिन्यात जबडा उघडायची तारीखही ठरली होती.

"माझी फी मी धरलेली नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाली. "औषधांच्या किमतीला मात्र माझा इलाज नाही. दवाखाना माझ्या एकटीचा नाही."

"फुकट नको. धरा फी."

"नाही धरणार."

"मग मी दुसरीकडे जातो."

डॉक्टर दाराकडे बघून हळूच म्हणाली, "मग मला गाडी शिकवा."

"शिकवलीय की तुम्हाला!"

"परवाना आहे हो माझ्याकडे. गाडी येत नाही."

संध्याकाळी घरी मास्तरांनी आजाराचं खरं सांगितलं. मास्तरीणबाई हवालदाराच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होत्या. हात एकदाच थांबला. मग मास्तरांनी खर्च सांगितला तो एक तृतीयांश.

"एवढ्यातच?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"ओळखीची आहे ना. शिवाय कुत्र्याला डोस लहान लागतो."

"हो का? बरंय बाई. स्वस्तात झालं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच राहिला, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मास्तरीणबाईंनी त्याच दुपारी लॅबमधून डॉक्टरला फोन करून औषधांची नावं, मात्रा आणि एकूण आकडा लिहून घेतला होता. नवऱ्याला खोटं पचत नाही हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तरी बघू किती दिवस रेटतो, म्हणून त्या गप्प बसल्या.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या आठवड्यातच गाठी लोण्यासारख्या विरघळल्या आणि मास्तर घरभर नाचायचे बाकी राहिले. गोळ्यांनी हवालदाराला राक्षसी भूक लागली. त्यानं एका विद्यार्थ्याचा डबा फस्त केला, दुसऱ्याची नियमांची पुस्तिका खाल्ली. "तुमच्यापेक्षा त्याला आता नियम जास्त माहीत आहेत," मास्तर त्या विद्यार्थ्याला म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात मिशा गळू लागल्या. औषधानं कुत्र्यांचे केस फारसे जात नाहीत, पण मिशा जातात, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तरी सकाळी उशीजवळ दोन पांढऱ्या मिशा दिसल्यावर मास्तरांनी त्या उचलून चष्म्याच्या डबीत ठेवल्या.

"बिनमिशांचा हवालदार," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता तुला कोण भिणार रे?"

इकडे दातांच्या दवाखान्यातून तारखेसाठी फोन येत होते. मास्तर हळू आवाजात गॅलरीत जाऊन बोलत.

"सध्या हिरड्यांना विश्रांती देतोय," ते म्हणाले.

आतून मास्तरीणबाईंनी विचारलं, "कुणाचा फोन?"

"चुकीचा नंबर."

"तिसऱ्यांदा? त्या माणसाला म्हणावं, चष्मा बदल."

एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या दातांचं काय झालं?"

"खालचे आहेत ना चांगले."

"खालचे आहेत हो. पण वर कुणीच नसेल तर त्यांनी चावायचं कुणावर?"

मास्तर पाणी प्यायला उठले. त्यांनी सकाळी सहाची आणि संध्याकाळी आठची अशा दोन शिकवण्या वाढवल्या होत्या आणि "लोकांना हल्ली फार हौस आलीय गाडीची" असं सांगत होते. रविवारी सकाळी मात्र घर रिकामं असे. मास्तरीणबाई मैत्रिणीकडे भरतकाम शिकायला जात. त्यांनी घरी एकही टाका आणून दाखवला नव्हता, हे मास्तरांच्या लक्षात यायला त्यांच्या डोक्यात जागाच नव्हती.

चौथं इंजेक्शन लाल रंगाचं. ते थेंब थेंब अर्धा तास चालतं, आणि डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की हे जड जाऊ शकतं. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी हवालदारानं खाणं सोडलं. पाचव्या दिवशी तो न्हाणीघराच्या गार फरशीवर जाऊन पडला आणि उठेना. भाताची पेज ओकली. कोंबडीचं पाणी ओकलं. मास्तर गाडीची किल्ली वाजवत दारात उभे राहिले. किल्लीचा आवाज आला की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येणारा प्राणी. त्यानं नुसती शेपटी एकदा फरशीवर आपटली, पाहुण्याला "बसा" म्हणावं तशी.

मास्तरीणबाईंनी त्याच्या पायातून रक्त घेतलं, बोलण्यात गुंतवून घेतलं, आणि दुपारी लॅबमधून परतल्या तेव्हा हातात कागद होता. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, अँटिबायोटिक लागलं, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाली, ताप उतरेल, बहुतेक सावरेल, पण पुढचं ठरवा. थांबवायचं तरी चालेल. त्याला कुणी नावं ठेवणार नाही.

घरी मास्तर टेबलाशी बसले. समोर कॅलेंडर. पुढच्या इंजेक्शनाच्या तारखेला पेन्सिलीनं गोल केलेला.

"गुरुवारी पाचवं," ते म्हणाले. "एक चुकवलं तर मागचं सगळं पाण्यात."

"तो उभा राहत नाहीये."

"राहील. एवढं केलंय आपण. एवढा खर्च..." मास्तर थबकले.

"किती?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी तो एक तृतीयांश आकडा पुन्हा सांगितला. यावेळी आवाज फारच बारीक निघाला.

मास्तरीणबाईंनी पूर्ण आकडा सांगितला. सलाईनचे आणि दोन दिवसांचे धरून. शेवटच्या सुट्या पैशांपर्यंत.

मास्तर कॅलेंडरकडे बघत राहिले. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. लॅबमध्ये काम करते मी, भाजी विकत नाही. आणि बँकेत पैसे जितक्या वेगानं संपायला हवे होते तितक्या वेगानं संपत नाहीत, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं."

"मग?"

"वाटलं, बँकेची चूक असेल. म्हणून गप्प बसलो."

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "केवढा हा प्रामाणिक माणूस! अहो, रविवारी मी घरोघरी जाऊन रक्त घेते. म्हाताऱ्या माणसांचं. चार जिने चढून. ते मी भरते खात्यात."

"भरतकाम?"

"हेच ते भरतकाम."

मास्तर हसू लागले. हसता हसता त्यांचा चेहरा कधी वाकडा झाला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मास्तरीणबाईंनी ती पुन्हा वर केली.

"पैशांचं सोडा," त्या म्हणाल्या. "दात नसलेला नवरा मी तीन वर्षं बघतेय, आणखी बघेन. मला एवढंच सांगा, गुरुवारी त्याला नेणार ते कुणासाठी? त्याच्यासाठी, की त्या पेन्सिलीच्या गोलासाठी?"

मास्तर उठले, पाणी प्यायले, गॅलरीत जाऊन खाली उभ्या गाडीकडे बघून आले.

"शिकणारा घाबरला ना," ते परत येऊन म्हणाले, "तर मी त्याला आणखी जोरात जा म्हणत नाही. कडेला घ्यायला लावतो. इंजिन बंद. जरा बसायचं." मग त्यांनी खोडरबर शोधलं आणि गोल पुसला. "कडेला घेऊ. तो स्वतः गाडीत चढला तर पुढचं बघू. नाही चढला, तर नाही."

"हे मघाशीच म्हणाला असतात तर?"

"मघाशी मी गाडी चालवत होतो."

हवालदार घरी आला. आठ दिवस दोघांनी मिळून त्याला चमच्यानं भरवलं. मास्तरीणबाई चमचा धरत आणि मास्तर त्याच्यासमोर तोंड उघडून "आ" करत. त्यांच्या तोंडातली ती मोकळी जागा बघून की काय, हवालदारही तोंड उघडी. अकराव्या दिवशी मास्तर गाडी पुसत असताना तो जिना उतरून आला, उघड्या दारापाशी थांबला, पुढचे दोन पाय सीटवर ठेवले आणि मागे वळून बघितलं. ढकला आता, उभे काय राहिलात, असं.

मास्तरांनी ढकललं. मग बोनेटला टेकून बराच वेळ आरसा पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

डॉक्टरनं लाल औषधाची मात्रा कमी केली, अंतर वाढवलं. पाच महिन्यांचं काम सात महिन्यांत झालं, पण झालं. शेवटच्या तपासणीला एकही गाठ सापडली नाही. त्या दिवशी डॉक्टर स्वतःच्या नव्याकोऱ्या लहानशा गाडीतून दवाखान्यात आली होती. अंगणात गाडी लावताना तिनं पाच वेळा मागेपुढे केलं. मास्तर हाताची घडी घालून बघत होते. "तीन वेळांत बसली असती," ते म्हणाले. "पण खांब शाबूत आहे."

दातांचंही झालं. पक्के नाहीत, काढता-घालता येणारे. स्वस्तातले. त्यात एक गोम निघाली. 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. मास्तर विद्यार्थ्याला म्हणत, "स्टीअरिंग सरळ, समोर बघा, सावकाश," आणि मागे हवालदार पट्ट्यासकट ताडकन उभा राहायचा. मास्तरांनी आठवडाभर 'स' टाळून बोलायचा प्रयत्न केला. "पुढे बघा, हळू, चाक नीट धरा." मास्तरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या. माणूस लाडानं हाक मारतोय असं वाटतं तेवढंच त्याला."

मिशा परत आल्या, आधीपेक्षा कुरळ्या. सुरुवातीपासून धरलं तर हवालदाराला चौदा महिने मिळाले. त्यात एक पावसाळा, समुद्रावरची एक सहल, आणि बिस्किटांचे असंख्य पुडे. आता नको म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

मग एका सकाळी गळ्याखाली तीच गोष्ट पुन्हा बोटाला लागली. या वेळी टेबल, कॅलेंडर, आकडे काही झालं नाही. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मास्तरांकडे. "नुसत्या गोळ्या," मास्तर म्हणाले. "हो," त्या म्हणाल्या. पाच आठवडे तो बरा होता. सहाव्या आठवड्यात एका दुपारी डॉक्टर घरी आली. तिघं फरशीवर बसली. मास्तरीणबाईंनी हवालदाराचा पाय हातात धरला आणि त्याच्याशी बोलत राहिल्या, त्या दिवशी कुणाचं रक्त घेतलं, कोण सुईला कसं घाबरलं ते सगळं. सुई कधी टोचली गेली ते त्याला कळलं नाही. मास्तरांनाही कळलं नाही. ते त्याचा उभा कान धरून बसले होते.

पंधरा दिवस मास्तर शिकवण्या घेत राहिले. बोलणं अगदी मवाळ झालं. शेवटी एक विद्यार्थिनीच म्हणाली, "मास्तर, तुम्ही रागवा हो थोडं. भीती वाटते."

सोळाव्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. तिच्याकडे एक निवृत्त तिकीट तपासनीस आले होते, एकटेच राहणारे. त्यांच्या कुत्रीला तोच आजार. पहिलं इंजेक्शन परवा झालं होतं. उलटीच्या गोळ्या, हातमोजे, थर्मामीटर, जे काही घरी उरलं असेल ते त्यांना देता येईल का?

मास्तर पिशवी घेऊन गेले. मास्तरीणबाईंनी वर एक कागद ठेवला होता; कुठल्या पेशी किती खाली गेल्या की घाबरायचं आणि किती असतील तर नाही, हे ठळक अक्षरांत. दोन तासांनी मास्तर परतले. पँटीच्या टोकाला भोक पडलेलं.

"कशी आहे कुत्री?"

"एकदम फालतू. एवढीशी. अखंड भुंकते. मी आत पाऊल टाकलं तर पँटला लटकली. आणि त्या गृहस्थांना थर्मामीटर कुठे लावायचा तेही माहीत नाही. तोंडात धरून बसले होते."

"कुत्रीच्या?"

"स्वतःच्या. आधी स्वतःला लावून बघत होते."

मास्तरीणबाईंनी सुईदोरा आणला. "द्या ती पँट. मग, काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगायचं? पहिली तीन सोपी जातात. चौथ्याला तुमची गाळण उडेल, तेव्हा घाईनं काही ठरवू नका, मला फोन करा, म्हटलं." मास्तर खुर्चीत बसले, पाय ताणले. "तो माणूस एकेक शब्द मोजून बोलतो. तासाला एक वाक्य. पण चहा बरा करतो."

"परत जाणार आहात?"

"मी? त्या कुत्रीकडे?" मास्तरांनी पँटीच्या भोकाकडे नाराजीनं पाहिलं. "गुरुवारी दुसरं इंजेक्शन आहे. त्यांच्याकडे गाडी नाही."